एकसष्टाव्या पानावरची थोरली

पत्र वहीच्या पानावर होतं, निळ्या पेनानं लिहिलेलं, आणि खाली कोपऱ्यात तीन बोटांचं एक पाऊल काढलेलं होतं. 'थोरली चौथ्या पुस्तकात मेली. तेव्हा मी दोन दिवस नीट जेवले नव्हते, हवं तर आईला विचारा. मग एकोणिसाव्या पुस्तकात एकसष्टाव्या पानावर ती बोलली कशी? आई म्हणते, छापणाऱ्यांची चूक आहे. मी म्हणते, चूक नाही. आमची पैज लागली आहे. हरेल तिनं महिनाभर भांडी घासायची. लवकर कळवा, कारण आई आत्तापासूनच हसते आहे.' सहीच्या जागी 'वय साडेआठ' एवढंच. मी हसले. मुलांची पत्रं आधी माझ्या टेबलावर येतात, कारण शाबासकी लेखकाची असते आणि चुका मुद्रितशोधकाच्या, आणि त्यात गैर काही नाही, मला पगार त्याचाच मिळतो. ठोकळ्याच्या पाठीवर बाराव्या पुस्तकात तेरा काटे होते, ते पंधराव्यात चौदा कसे झाले, असं विचारणारी मुलं असतात. मी त्यांना कळवते की मधल्या काळात एक नवा उगवला. तसंच काहीतरी खुसखुशीत लिहून टाकावं म्हणून मी मागच्या फळीवरचं एकोणिसावं पुस्तक ओढलं, एकसष्टावं पान उघडलं, आणि हसू जागच्या जागी थिजलं. थोरली खरंच बोलली होती.

पुस्तकांवर 'कळपाच्या गोष्टी' असं छापलेलं असतं, पण मुलं नुसतं 'कळप' म्हणतात. बोलणाऱ्या डायनॉसोरांचा एक कळप राखेच्या डोंगराखालून निघालाय आणि अजून कुणीच न पाहिलेल्या हिरव्या किनाऱ्याकडे चाललाय. त्यात चिलखती पाठीचा ठोकळ्या आहे, ज्याला कुणाचंच काही पटत नाही. पिसांचा पिसाट आहे, खोटं बोलण्यात पटाईत. वाट चुकण्यात तरबेज अशी पाच पिल्लं आहेत. आणि सगळ्यांच्या पुढं असायची ती थोरली, लांब मानेची, इतकी उंच की तिला परवाचं वादळ आज दिसायचं. वाटेत कोडी घालणारे सुळेवाले, चालती दलदल, झोपेत बोलणारे डोंगर. चौथ्या पुस्तकाच्या शेवटी थोरली पिल्लांना पाठीवर घेऊन नदी ओलांडते, त्यांना पलीकडच्या काठावर उतरवते, आणि स्वतः गाळात रुतून जाते. तिला परत आणा म्हणून पोतंभर पत्रं आली. सरांनी आणलं नाही. लेखकाला आम्ही सर म्हणतो, कारण ते जन्मभर भूगर्भशास्त्र शिकवत होते आणि कुणाशीही फळ्यासमोर उभं राहिल्यासारखेच बोलतात. "साडेसहा कोटी वर्षं झाली," ते म्हणाले होते, "गेलेला एकही परत आलेला नाही. प्राणी बोलतात हे मुलांना चालतं, कारण ते खोटं आहे हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. मेलेला उठला तर ते खरं मानून बसतील." एकोणिसाव्या पुस्तकात कळप फिरून फिरून त्याच नदीवर येतो. 'कळप थांबला. कुणी काही बोललं नाही.' आणि त्याच्या खाली, स्वच्छ काळ्या अक्षरात: '"मी आहे इथं. तुम्ही आधी पाणी पिऊन घ्या," थोरली म्हणाली.' आणि मग: 'पिल्लांनी पाण्यात तोंडं घातली.'

कपाटातून हस्तलिखिताचं बाड काढलं. सरांचं अक्षर मुंग्यांसारखं, पण सरळ रांगेत चालणाऱ्या. 'कुणी काही बोललं नाही.' त्याच्यापुढं लगेच 'पिल्लांनी पाण्यात तोंडं घातली.' मधे काही नाही. खोडलेलंही नाही. मग प्रुफांचा गठ्ठा सोडला, आणि एकसष्टाव्या पानाच्या समासात ती ओळ सापडली. लाल पेन्सिलीनं लिहिलेली, दोन वाक्यांच्या मधे काकपद, म्हणजे मजकूर घालायची खूण, दिलेलं, आणि शेजारी 'ह. पा.', म्हणजे हस्तलिखित पाहा, मजकूर सुटलाय. अक्षर माझं. 'ण'चा दांडा मी जरा लांब ओढते, तोसुद्धा होता. मी प्रूफ घेऊन जुळाऱ्याकडे गेले. आता तो संगणकावर बसतो, शिशाचे खिळे जुळवायचे दिवस जाऊनही जमाना झाला, पण नाव जुळारीच राहिलंय. त्यानं चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं आणि म्हणाला, "बाई, तुम्ही सुटलंय म्हणून लिहिलंत, मी घातलं. तुमचं काकपद म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्यावर मी कधी उलटून विचारलंय का?" नव्हतं विचारलं. सव्वीस वर्षांत त्याला तशी वेळच आली नव्हती. माझ्या हातून काने सुटले, मात्रा सुटल्या, एकदा तर अख्खा परिच्छेद सुटला आणि त्याबद्दल मी महिनाभर कुणाच्या नजरेला नजर दिली नाही. पण सुटणं वेगळं. मुद्रितशोधकानं पदरचं घालायचं नसतं. आमच्या धंद्यात एवढं एकच पाप आहे, आणि ते मी केलं होतं, आणि कधी केलं ते मला आठवत नव्हतं.

व्यवस्थापक म्हणाले, "काढून टाका की. दुसरी आवृत्ती सोमवारी छपाईला जातेय, त्याआधी ओळ उडवा. कुणाला कळणार आहे?" बरोबर होतं त्यांचं. लाल पेन्सिलीची एक रेघ, समासात खोडल्याची खूण, अर्ध्या मिनिटाचं काम. मी माझ्या जागेवर येऊन बसले, पेन्सिलीला टोक केलं, ओळीवर ठेवली, आणि हात पुढं जाईना. कारण ओळ वाचली की ती मला ऐकू येत होती. डोळ्यांनी वाचतो आपण, तसं नव्हे. कानानं, समोरच्या रिकाम्या खुर्चीतून, ताईच्या आवाजात. आणि ताईचा आवाज आता जगात दुसरीकडे कुठंच नाही.

ताई म्हणजे माझी मोठी बहीण, माझ्याहून सात वर्षांनी मोठी. ती शिकवायची ती शाळा बंद पडली तेव्हा मीच तिला इथं आणलं. आमच्या कामाची रीत अशी, की दोघींनी समोरासमोर बसायचं. एकीनं हस्तलिखित मोठ्यानं वाचायचं, विरामचिन्हांसकट, आणि दुसरीनं ऐकत ऐकत छापील कागदावर पेन्सिल फिरवायची. वाचणारीचा आवाज सपाट हवा. ऐकणारीनं गोष्टीमागं धावायचं नाही, धावलं की चुका निसटतात. सपाट वाचणं ताईला जन्मात जमलं नाही. "अवतरण उघड माझ्या शेपटीवर कोण उभं आहे प्रश्नचिन्ह अवतरण बंद" हे ती ठोकळ्याच्या आवाजात म्हणायची तेव्हा प्रश्नचिन्हसुद्धा डाफरतंय असं वाटायचं. पिसाटासाठी ती नाकातून बोलायची आणि त्याचे स्वल्पविराम घाईघाईनं गिळायची. थोरलीसाठी मात्र तिनं आवाज बदलला नाही. तिथं ती फक्त हळू व्हायची आणि खाली उतरायची, खूप खाली, इतकं की टेबलावर टेकलेल्या माझ्या मनगटाला लाकडातून तो आवाज कळायचा. एक नियम मात्र आम्ही कडक पाळायचो. सुरुवातीच्या दिवसांत एकदा मधमाशीपालनाच्या पुस्तकात 'तो पंखा जरा कमी कर गं' असं एक वाक्य छापून आलं होतं, पोळ्याची जागा कशी निवडावी या प्रकरणात. तेव्हापासून ठरलं, की वाचणारीला स्वतःचं काही बोलायचं असेल तर आधी टेबलावर बोटानं दोनदा वाजवायचं. टकटक झाली की पुढचं माणसाचं. टकटक नाही म्हणजे पुस्तकातलं.

बाहेर रस्ता वाहत असायचा, खालच्या मजल्यावर यंत्रं धडधडायची, कपाटांच्या दाटीत आम्हाला पाय पसरायला जागा नसायची, आणि त्या एवढ्याशा खोलीत चाळीस हात लांबीची जनावरं येऊन उभी राहायची. खरी जनावरं, जी कोट्यवधी वर्षं या जमिनीवर चालली आणि ज्यांच्यातल्या एकानंही कधी एक शब्द उच्चारला नाही, ती माझ्या बहिणीच्या घशातून बोलायची, स्वल्पविराम आणि पूर्णविरामांसकट. मला त्याचं अजून नवल वाटतं. नवल म्हणणंही कमीच आहे. पेन्सिल फिरत असायची, चुका सापडत असायच्या, आणि माझ्या मानेवर कुणाचातरी प्रचंड, गवताच्या वासाचा श्वास यायचा. मग टकटक व्हायची आणि ताई म्हणायची, "जुळाऱ्यानं नवा शर्ट घातलाय, पाहिलास का? पडदाच वाटतोय."

तीन वर्षांपूर्वी तिचा घसा सारखा बसायला लागला. आधी आम्ही थट्टा केली, ठोकळ्या अंगात आला म्हणून. मग तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी कागदावर घशाचं चित्र काढून कुठला भाग काढायचा तो दाखवला. आवाजाची पेटीच काढावी लागणार होती. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी मी फोन घेऊन तिच्यापुढं बसले आणि म्हटलं, ताई, थोडं काही वाच ना, मी साठवून ठेवते. तिनं डोळे वटारले. "मी काय मेलेय का? आवाज जाणार आहे, मी नाही." मी फोन खिशात टाकला. मोठ्या बहिणीपुढं माझं कधी चाललंय? शिवाय मला वाटलं, इतकी वर्षं आपण एका घरात आणि एका टेबलावर ऐकलेला आवाज, तो कुठं जातोय. पण तो गेला. दुसऱ्या वर्षीच मला ते कळलं. ताई काय बोलायची ते सगळं आठवायचं, कसं बोलायची ते आठवायला गेलं की हाताला काही लागत नसे. आता तिच्या गळ्याला एक भोक आहे, त्यावर पांढरा रुमाल. श्वास तिथून येतो जातो. गळ्याला लावून बोलायचं यंत्र मिळतं, ते तिनं एकदाच वापरलं आणि परत केलं. मुलांची ती घासून पुसायची जादूची पाटी असते, तिच्यावर लिहिलं: 'डबा बोलतो.' ऑफिस तिनं सोडलं. तेव्हापासून कागदाला हात लावला नाही. मी एकटी वाचते, हस्तलिखित डावीकडे, छापील उजवीकडे, मान घड्याळाच्या लंबकासारखी. आणि आता माझ्यासमोर एक ओळ होती, जिच्यात तो आवाज जसाच्या तसा होता. ती मी स्वतःच्या हातानं खोडायची होती.

आधी कबुली द्यायला हवी होती. दुसऱ्या दिवशी दुपारी सरांकडे गेले. सर आता ऐंशीचे झालेत, कानांनी अधू, तळमजल्यावर राहतात कारण वरच्या मजल्याला त्यांच्या दगडांचं वजन झेपेना. सगळीकडे दगड, खिडकीत, खुर्च्यांवर, एक तर साबणाच्या भांड्यात. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "सर, एकोणिसाव्यात मी पदरचं घातलंय."

"किती?"

"एक ओळ." मी पान पुढं केलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं, पुन्हा जवळ नेलं.

"हे माझं नाही."

"नाही."

"मग कुणाचं?"

"तेच मला कळत नाही, सर. अक्षर माझं आहे. मला घातल्याचं आठवत नाही. मला वाटतं माझं डोकं..." त्यांनी पान बाजूला ठेवलं, पेला भरला आणि म्हणाले, "बसा. तुम्ही आधी पाणी पिऊन घ्या."

तसं काही विशेष बोलले नव्हते ते. कुणाही घरी कुणीही म्हणतं. पण पेला हातात आला आणि पंधरा वर्षं मागची एक सकाळ अख्खीच्या अख्खी समोर उभी राहिली. आई जाऊन आठ दिवस झाले होते. चौथ्या पुस्तकाचा शेवटचा फर्मा, म्हणजे एकत्र छापायची सोळा पानं, अडला होता म्हणून आम्ही दोघी कामावर आलो होतो. त्या आठ दिवसांत मी रडले नव्हते. पाहुणे, कागदपत्रं, आईचे चष्मे कुणाला द्यायचे, हेच चाललं होतं. ताई वाचत होती. "थोरलीची मान पाण्यावर आडवी झाली पूर्णविराम नदी तिच्या दोन्ही अंगांनी वाहू लागली पूर्णविराम." माझी पेन्सिल 'वाहू' या शब्दावर थांबली. अक्षरं दिसेनात. मी मान खाली घालून ओळ शोधण्याचं सोंग करत होते. तेव्हा ताईचा आवाज आला, त्याच खालच्या, संथ आवाजात, एक क्षणही न थांबता: "अवतरण उघड मी आहे इथं पूर्णविराम तुम्ही आधी पाणी पिऊन घ्या स्वल्पविराम अवतरण बंद थोरली म्हणाली पूर्णविराम." टकटक झाली नव्हती. म्हणजे पुस्तकातलं होतं. मी कागदावर ती ओळ शोधली, सापडली नाही, म्हणून काकपद देऊन वर पाहिलं, तर ताईनं पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवलेला होता आणि ती खिडकीबाहेर पाहत होती. मी पाणी प्यायले आणि मग रडले, चांगली अर्धा तास. ते काकपद मी नंतर खोडलं असणार, कारण चौथ्या पुस्तकात ती ओळ नाही. आम्ही त्यावर एक अक्षर बोललो नाही, असल्या गोष्टींवर बोलणाऱ्यातल्या आम्ही दोघीही नव्हेत. पण जे टकटक न करता आलं ते माझ्या कानानं मजकूर म्हणून जमा करून ठेवलं होतं. पंधरा वर्षांनी कळप त्याच नदीवर आला, थांबला, कुणी काही बोललं नाही, तेव्हा समोरची खुर्ची रिकामी असूनही ती ओळ आली, बिनटकटकीची. छापील कागदावर ती नव्हती. ज्या कामाचा मी पगार घेते ते मी केलं. सुटलेला मजकूर घातला.

हे सगळं मी सरांना सांगितलं, मोठ्यानं, कारण त्यांना कमी ऐकू येतं, आणि रडण्याच्या बेतात असताना ओरडून बोलणं किती विचित्र असतं ते मला त्या दिवशी समजलं. सर उठले, खिडकीतला एक चपटा, राखी दगड घेऊन आले आणि माझ्या मांडीवर ठेवला. त्यात एक पाऊल होतं. तीन बोटं, टाच, आणि टाचेपाशी गाळ वर दबून आलेला, जसा आपण चिखलातून पाय उचलताना येतो. मी त्या खळग्यात हात ठेवला. थंड होता. "हाड असतं ना, ते मेलेल्याचं असतं," सर म्हणाले. "हे जिवंताचं आहे. ती इथून चालत गेली. कुठंतरी निघाली होती, बहुधा घाईत. पुढं मेली असेल, पण या दगडात ती अजून चालतेय." माझा हात तिथंच होता. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. सरांनी माझ्याकडे नाही, दगडाकडे पाहत म्हटलं, "चालणं उतरतं दगडात. शेपटी उतरते, पिसं उतरतात, पावसाचे थेंबसुद्धा उतरतात. आवाज उतरत नाही. एकाचाही आवाज आपल्याकडे नाही, बाई. म्हणून मी हे सगळं लिहायला लागलो. आणि मजा म्हणजे मला तो कधी ऐकू आला नाही. मला नुसते शब्द दिसतात." मग म्हणाले, "तुमच्या बहिणीला ऐकू यायचा वाटतं."

"ओळ काढू ना, सर? मेलेला उठत नाही, तुम्हीच म्हणता."

"म्हणतो. म्हणून तर मला भीती वाटतेय, मीच हे खरं मानून बसेन याची." ते हसले नाहीत. "ओळ माझी नाही. जी माझी नाही ती ठेवायची की काढायची, हे मी कसं सांगू? जिची आहे तिला विचारा. ती म्हणेल ते छापा."

घरी आले तर ताई जेवणाच्या टेबलाशी शब्दकोडं सोडवत बसली होती. मी तिच्यापुढं आधी ते पत्र ठेवलं. तिचे खांदे हलायला लागले. आता ती अशीच हसते, गळ्यावरचा रुमाल तेवढा फडफडतो. मग पान ठेवलं. ती वाचायची थांबली ते मला कळलं. मी सगळं सांगितलं, आईच्या आठव्या दिवसापासून सरांच्या दगडापर्यंत, आणि शेवटी म्हटलं, "तू सांग, ताई. तुझी ओळ आहे." तिनं पाटी ओढली आणि लिहिलं: 'हस्तलिखितात नाही. खोड.'

"अगं, पण सर म्हणाले..."

तिनं पुसलं, लिहिलं: 'पदरचं घालायचं नाही.' आणि 'नाही'खाली दोन रेघा मारल्या.

मला राग आला. इतका आला, की मी तिच्यासमोरच लाल पेन्सिल काढली आणि ओळ खोडली, डावीकडून उजवीकडे, एका दमात. मनात म्हटलं, आवाज तुझा गेला, त्याचं काय करायचं ते तू ठरवलंस, डबा नको, फोन नको. पण ऐकणारी मी होते. माझ्या कानांचं काय, ते कुणी ठरवायचं? दोन दिवस घरात भांड्यांचाच काय तो आवाज होता. वय साडेआठला मी उत्तर लिहायला घेतलं, 'तुझ्या आईचं बरोबर आहे' एवढं लिहिलं आणि कागद चुरगळून टाकला.

एक ओळ निघाली की खालच्या सगळ्या ओळी वर सरकतात, म्हणून फर्मा पाठवण्याआधी पुन्हा मुळाबरहुकूम वाचावा लागतो. रविवारी सकाळी मी घरीच टेबलावर कागद पसरले. डावीकडे हस्तलिखित, उजवीकडे छापील, शेजारी पाण्याचा पेला. मान डावी-उजवी सुरू केली. थोड्या वेळानं समोरची खुर्ची ओढल्याचा आवाज आला. ताई बसली. तिनं हात लांब करून छापील पानं स्वतःकडे घेतली, माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली, आणि हस्तलिखित माझ्याकडे ढकललं. हनुवटीनं खूण केली: वाच. तीन वर्षांत तिनं कागदाला बोट लावलं नव्हतं. मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर उठून गेली असती, ओळखते मी तिला.

मी वाचायला लागले. मोठ्यानं कधी वाचलंच नव्हतं मी. ते तिचं काम होतं. माझा आवाज सपाट आहे, नियमात चोख बसतो, ठोकळ्या आणि पिसाट दोघंही एकाच नळाच्या पाण्यासारखे यायचे. ताईनं एकदा नाक मुरडलं. पण तिची पेन्सिल चालत होती, ओळीमागून ओळ, आणि एका ठिकाणी तिनं माझी सुटलेली वेलांटी पकडून माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा बावीस वर्षांची झाले. पान साठ. पिसाट खोटं बोलला, कुणी विश्वास ठेवला नाही. पान एकसष्ट. "कळप थांबला पूर्णविराम कुणी काही बोललं नाही पूर्णविराम," मी वाचलं, आणि घाईनं पुढं, "पिल्लांनी पाण्यात..."

ताईनं डावा हात वर केला. आमच्यात त्याचा अर्थ एकच आहे: थांब, सुटलं.

मी हस्तलिखित पाहिलं. काहीच सुटलं नव्हतं. मी टेबलावर दोनदा बोट वाजवलं आणि म्हणाले, "ताई, ती खोडलीय आपण."

हात खाली आला नाही. ती माझ्याकडे बघतही नव्हती. पेन्सिलीचं टोक खोडलेल्या ओळीच्या सुरुवातीला टेकलेलं होतं आणि तिचे ओठ हलत होते, आवाजाशिवाय, सावकाश. 'अवतरण उघड,' ओठ म्हणाले. मग 'मी आहे इथं'. मग 'पूर्णविराम'. शब्दाला शब्द लावत पेन्सिल लाल रेघेखालून पुढं सरकत होती, आणि गळ्यावरचा रुमाल प्रत्येक शब्दाला आत जात होता, बाहेर येत होता. मी तिच्या डाव्या हाताकडे पाहिलं. तो आता खाली आला होता आणि टेबलावर होता, बोट लाकडापासून केसभर वर. मी टकटकीची वाट पाहत होते. 'तुम्ही आधी पाणी पिऊन घ्या.' बोट तसंच होतं. 'स्वल्पविराम अवतरण बंद.' माझं मनगट टेबलाच्या कडेला टेकलेलं होतं आणि लाकडातून, खूप खालून, जिथून तो नेहमी यायचा तिथून, मला तो आवाज आला. आला म्हणजे आला. सर म्हणोत काही. 'थोरली म्हणाली.' ताईनं वर पाहिलं. तिनं टकटक केली नव्हती.

मी आधी पाणी प्यायले. मग तिच्या हातातून पेन्सिल घेतली आणि खोडलेल्या ओळीखाली, तसंच राहू दे म्हणून देतात ते ठिपके, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत एकेक करून दिले.